बिनवायरीच्या फोनवरचं बारसं

एका गावात एक भोळी आई होती. गावाचं नाव खोलदरे, आईचं नाव स्वप्नाली. दुसऱ्या कुणावर ढकलून उपयोग नाही. ती मीच.

खोलदरे डोंगराच्या बेचक्यात आहे. मोबाईल घरटी दोन-दोन आहेत, पण ते किती वाजले बघायला. बोलायचं असेल तर वर डोंगरात पाण्याची टाकी आहे, तिच्यावर चढायचं. टाकीवर उभं राहिलं की रेंज येते. वाराही येतो. म्हातारी माणसं टाकीवरनं बोलताना एका हातानं धोतर धरतात.

मला मुलगी झाली ती आठव्या महिन्यात. पावणेदोन किलोची. चौदा दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होती. पेटीवर चिठ्ठी लावलेली, "स्वप्नालीचं बाळ". ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, वैजयंता, कुवेतला नर्स आहेत. त्या रोज दवाखान्यात फोन करायच्या. बाळाचा रंग कसा आहे, नखं कशी आहेत, सगळं विचारायच्या आणि मला धीर द्यायच्या. वन्सं नसत्या तर काय झालं असतं, ते मी मनातसुद्धा आणत नाही.

म्हणून नाव ठेवायचं ते वन्संनीच. तशी रीतही आहे. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र्र करून नाव सांगायचं आणि बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे. पण वन्संना रजा मिळेना. साहेबांनी सांगितलं, अजून दोन वर्षं रजेचं नाव काढायचं नाही.

मग वन्संनी ठरवलं, नाव फोनवरून ठेवायचं. रविवारी दुपारी, आपल्या घड्याळात बारा वाजता. साडेबाराला त्यांची ड्युटी, मग फोन कपाटात बंद. नाव काय, ते त्यांनी भावालाही सांगितलं नाही. म्हणाल्या, "आधी बाळाच्या कानात पडू दे. मग बाकीच्यांनी ऐका."

सासूबाई म्हणाल्या, "ह्यो रविवार गेला तर फुडं दोन महिने मुहूर्त न्हाई."

मी दिवसातून चाळीस वेळा पाळण्यात वाकून बघते, श्वास चालू आहे ना. बघताना हाक मारावी वाटते. पण हाक मारायला नाव नको? चिठ्ठीवरचं नाव तर माझंच होतं. आणि एवढ्याशा जिवाला टाकीवर वाऱ्यात न्यायचं नाही, हे मी देवासमोर ठरवलेलं. म्हणजे रविवारी बाराच्या आत घरात फोन चालू पाहिजे होता. एवढंच काम होतं. त्याला मी सहा दिवस लावले.

सोमवारी गुरवभाऊ आले. ते आठवडाभर गावात घरोघर इंटरनेटची तार ओढत होते. त्यांनी आमच्या भिंतीवर एक डबा ठोकला. दिवे लुकलुकणारा, वर दोन कान उभे असलेला. वन्संनी कुणाबरोबर तरी बिनवायरीचा फोन पाठवला होता, हातात घेऊन घरभर फिरता येतं तसला. त्याच्या स्टँडची वायर गुरवभाऊंनी डब्याच्या मागच्या भोकात खोचली.

"ताई, आता हा फोन इंटरनेटवरनं चालणार. रेंज-बिंज काही नको. आज फक्त चार्जिंग. सोळा तास स्टँडवर ठेवा. मध्ये उचलू नका."

मी म्हटलं, बरं. आणि पक्कं लक्षात ठेवलं.

सोळा तास उचलला नाही. फडकंसुद्धा भोवतीनं मारलं. सासूबाई बघायला म्हणून जवळ गेल्या, तर त्यांचा हात धरला.

मंगळवारी गुरवभाऊंनी फोन उचलला, बटण दाबलं. काही नाही. उलटा केला, मागचं झाकण काढलं.

"ताई, बॅटरी कुठाय?"

"खोक्यात."

"खोक्यात काय करतीय?"

"तुम्ही फोन चार्ज करा म्हणालात. बॅटरीचं काही बोलला नाहीत."

गुरवभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. "ताई, रिकाम्या पोटानं निजवला तर अंगात जीव कुठनं येणार? आधी पोटात घाला, मग निजवा."

मी म्हटलं, बरं. आणि पक्कं लक्षात ठेवलं.

ते गेले. मी बॅटरी घातली, फोन ठेवला आणि पाळण्याकडं बघितलं. मुलगी निजली होती. मला घाम फुटला. कशी निजली होती? रिकाम्या पोटानं! पाजायच्या आधीच तिचा डोळा लागला होता. मी तिला गदगदा हलवून उठवली. तिनं असं भोकाड पसरलं की सासूबाई पिठाच्या हातानं धावत आल्या.

"काय झालं? काय चावलं?"

"काही नाही आई. रिकाम्या पोटी निजली होती. उठवली."

"निजल्या लेकराला उठवत्यात व्हय गं? निजल्याला कधी हात लावू नये. झोप झाली की आपलं आपण उठतंय."

मी म्हटलं, बरं. आणि पक्कं लक्षात ठेवलं.

बुधवारी गुरवभाऊ शेजारच्या आळीत खांबावर होते. तिथनंच ओरडले, "ताई, सोळा तास झाले! फोनवरचं कुठलंबी एक बटण दाबा, काच उजळती का बघा!"

मी फोनजवळ गेले. काच काळी होती. आवाज नाही, उजेड नाही. गाढ निजला होता. मी पाय न वाजवता मागं सरले. दार लोटून घेतलं. सासूबाई खलबत्त्यात लसूण कुटत होत्या, त्यांना अंगणात बसवलं.

दिवेलागणीला गुरवभाऊ आले. "दाबलं का बटण?"

"श्श्श!"

"काय झालं?"

"झोपलाय."

"बाळ?"

"फोन."

गुरवभाऊंनी उंबऱ्यात चपला काढल्या. मग आत आले. "ताई, ते यंत्र आहे. त्याच्याशी एवढं नाजूक वागून भागत नाही. हे बघा, स्टँडवर हे बटण आहे. दाबून धरायचं. ओरडेपर्यंत सोडायचं नाही." त्यांनी दाबून धरलं. फोन पीं करून ओरडला. "झालं. आता स्टँडनं फोनला ओळखलं."

मी म्हटलं, बरं. आणि पक्कं लक्षात ठेवलं.

गुरुवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "सपने, गुडघा धरलाय गं. जरा दाब."

मी दाबून धरला. सासूबाई म्हणाल्या, बास. मी सोडला नाही. त्या अजून ओरडल्या नव्हत्या, नुसत्या बोलत होत्या. सासूबाई सोशिक आहेत, त्यांना वेळ लागला. पण ओरडल्या तेव्हा समोरच्या घरातनं दोघीजणी आल्या.

"सोड! जीव घेतीस का?"

"ओरडलात ना आई, आता सोडते."

सासूबाई गुडघा धरून बसल्या. "अगं बये, जरा मायेनं करावं. थंडी कसली पडलीया. अशा दिसांत ऊब द्यावी. कापडात नीट गुंडाळून ठेवावं. उघडं म्हणून काय ठेवू नये."

मी म्हटलं, बरं. आणि पक्कं लक्षात ठेवलं.

घरात उघडं काय होतं? बाळ तर टोपडं, झबलं, दुपटं आणि वर शाल अशा बंदोबस्तात होतं. मी वर बघितलं. भिंतीवर डबा, नागडा. मला वाईट वाटलं. चार दिवस बिचारा तसाच होता. मी त्याला मऊ दुपट्यात गुंडाळला. दोन कान उभे होते, त्यांना बाळाचे लोकरीचे मोजे घातले. लाल गोंड्याचे होते. छान दिसत होता.

शुक्रवारी डब्याचे हिरवे दिवे गेले आणि एक लाल दिवा लागला. हात लावला तर चटका. गुरवभाऊंना निरोप पाठवला. ते दारात येऊन थबकले.

"ताई, ह्याला मोजे कुणी घातले?"

"थंडी होती."

"ताई, ह्याला थंडी वाजत नाही! गुंडाळलं की हे आतल्या आत गुदमरतं. तापून बसलंय. सगळं काढा. मोकळं ठेवा. चांगला वारा लागू दे."

मी म्हटलं, बरं. आणि पक्कं लक्षात ठेवलं.

आता ज्यांना मुलं आहेत त्यांनी पुढचं वाचून मला शिव्या द्याव्यात. मी वळून बघितलं, तर माझी मुलगी लालबुंद झालेली. आधीच एवढी गुंडाळलेली! गुदमरली असेल, आतल्या आत तापली असेल. मी शाल काढली, दुपटं काढलं, झबलं काढलं आणि तिला खिडकीशी धरली, चांगला वारा लागावा म्हणून.

ती शिंकली. एकदाच.

सासूबाईंनी तिला माझ्या हातातनं हिसकावून पदराखाली घेतली. त्या मला जे बोलल्या ते लिहीत नाही. काचेची पेटी डोळ्यांपुढं आली. मग मी जे बाळाला उराशी धरलं ते शनिवारी सकाळपर्यंत. कूं केलं की हलवायची, चूं केलं की उठून फिरवायची. जेवलेही उभ्यानं.

सासूबाईंनी बघून बघून घेतलं. मग म्हणाल्या, "एक शिंक आली, काय मोठं इपरीत झालं न्हाई. लेकराला हाताची सवय लागंल. आता रडलं की लगीच उचलायचं न्हाई. रडू द्यायचं. रडून रडून आपलं गप बसतंय."

मी म्हटलं, बरं. आणि पक्कं लक्षात ठेवलं.

डब्याचं दुपटं आणि मोजे गुरवभाऊंनी शुक्रवारीच काढले होते, दिवे परत हिरवे झाले होते. शनिवारी सकाळी अकरा वाजता फोन वाजला. आयुष्यात पहिल्यांदा. काच निळी झाली, आत दिवा पेटला. मी जवळ गेले. हात पुढं गेला, तो मागं घेतला.

रडू दे, म्हटलं.

वाजला, वाजला, गप बसला. शहाणा आहे. थोड्या वेळानं परत वाजला. मला वाईट वाटत होतं, पण मन घट्ट केलं. पहिले एक-दोन दिवसच जड जातात. परत वाजला. मी नुसतं लांबनं म्हटलं, "मी इथंच आहे रे." अकरा वेळा वाजला. बाराव्या वेळेला वाजला नाही. सवय मोडली, म्हणून मी चहा ठेवला.

संध्याकाळी हे आले. हे डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवतात, पहाटे जातात ते तिन्हीसांजेला येतात. येताना टाकीवर थांबून आले होते. वारा खाऊन तोंड लाल, का रागानं, ते कळलं नाही.

"अक्काचा फोन होता टाकीवर. चाचणी म्हणून तिनं अकरा वेळा घरी फोन लावला. कुठं होतीस?"

"इथंच. बघत होते."

"काय बघत होतीस?"

"गप बसतो का."

हे खाली बसले. पाणी प्याले. मग एकेका शब्दावर बोट आपटत म्हणाले, "स्वप्नाली, नीट ऐक. उद्या फोन वाजला की एका रिंगमध्ये उचलायचा. उचलला की बाळाच्या कानाला लावायचा. हॅलो नको, कोण बोलतंय नको, काही नको. अक्काला मी सांगितलंय, फोन थेट बाळाच्या कानाला असणार, तू वेळ न घालवता नाव सांगून मोकळी हो. बाकी डोकं चालवायचं नाही."

मी म्हटलं, बरं. डोकं न चालवणं मला जमण्यासारखं होतं.

रविवार उजाडला. पाळणा सजवला. घुगऱ्या शिजल्या. साडेअकराला पंचवीस बायका घरात. बुक्के कुणाला घालायचे, यावर वाद झाला, कारण आत्या कुवेतमध्ये. सासूबाईंनी निवाडा केला, "जिच्या हातात फोन ती आत्या. तिच्या पाठीत घाला." बायकांनी माझ्या पाठीकडं बघितलं आणि बांगड्या मागं सारल्या.

बाराला तीन मिनिटं कमी असताना फोन वाजला.

मी एका रिंगमध्ये उचलला. हॅलो म्हटलं नाही. कोण म्हटलं नाही. थेट बाळाच्या कानाला लावला आणि माझं तोंड दुसरीकडं फिरवलं, चुकूनही मला ऐकू येऊ नये म्हणून. बायका एका दमात ओरडल्या, "कुर्र्र्र!" आणि माझ्या पाठीत पंचवीस मुठी पडल्या. बाळ डोळे मोठे करून ऐकत होतं. आतनं काहीतरी बारीक बोलणं चालू होतं. मी धरून ठेवला. बोलणं थांबलं की बायका "कुर्र्र!" म्हणायच्या आणि मला बुक्के. परत बोलणं, परत "कुर्र्र!" असं वीस मिनिटं चाललं. सासूबाई घड्याळाकडं बघायला लागल्या.

"एवढं लांब नाव ठिवलंय का काय? काय म्हणतीया गं वैजयंता?"

"मला काय माहीत, आई? मी ऐकतच नाही."

सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "वैजे! काय नाव सांगितलंस गं?"

फोन गुरवभाऊंच्या आवाजात म्हणाला, "मावशी, मीच मघापासनं नाव विचारतोय."

बायका फोनभोवती गोळा झाल्या. आता सगळ्यांना ऐकू येत होतं.

"नवीन जोडणी आहे ना. फोन ज्यांच्या नावावर करायचा, त्यांनी आपल्या तोंडानं नाव सांगायला लागतं. मी म्हणतोय, नाव सांगा, नाव सांगा. पलीकडनं नुसतं कुर्र्र. वीसदा विचारलं, वीसदा तेच. मग तेच भरून टाकलं. श्रीमती कुर्र्र, मुक्काम खोलदरे."

"ठिव फोन मुडद्या!" सासूबाई म्हणाल्या.

बारा वाजून एकवीस मिनिटं. बायका खाली बघून पदर चावत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाव ठेवायला आणलेल्या फोननं माझ्या सव्वा महिन्याच्या मुलीलाच नाव विचारलं होतं, आणि तिकडं वन्सं फोन लावून लावून थकल्या असतील.

हे ओट्यावर डोकं धरून बसले होते. सासूबाई माझ्यासमोर आल्या. "रडू नगंस. अजून नऊ मिनिटं हायेत. आता वाजला की काय करायचं? आधी आपल्या कानाला लावायचा. आपण नीट ऐकून घ्यायचं. समोरचं माणूस काय इचारंल त्याला उत्तर द्यायचं. गप ऱ्हायचं न्हाई. कळलं?"

मी म्हटलं, बरं. आणि इतकं पक्कं लक्षात ठेवलं की उभ्या जन्मात ठेवलं नव्हतं.

बारा पंचवीसला फोन वाजला. मी उचलला. आपल्या कानाला लावला. पलीकडं धापा टाकत वन्संच होत्या. त्यांनी हॅलो म्हटलं नाही, मी कोण तेही विचारलं नाही. फोन थेट बाळाच्या कानाला असणार, असं त्यांना ह्यांनीच सांगितलं होतं.

"कुर्र्र्र!" वन्सं म्हणाल्या. "मुक्ता! मुक्ता नाव ठेवलं गं माझ्या सोन्याचं! ऐकलंस का, मुक्ता? मुक्ता गं!"

बायकांनी "कुर्र्र" ऐकलं आणि माझ्या पाठीत बुक्के सुरू केले.

"मुक्ता, ओ दे आत्याला!"

आता त्यांनी विचारलं, तर गप कसं राहायचं?

मी म्हटलं, "ओ."

मग वन्सं हळूच म्हणाल्या, "मुक्ता? ऐकू येतंय तुला?"

"हो आत्या."

वन्सं किंचाळल्या. "अगं बाई! बोलली! सव्वा महिन्याची पोर बोलली! पेटीतलं माझं लेकरू बोललं!" त्या रडायला लागल्या, मागं कुणाला तरी हाका मारायला लागल्या, आणि साडेबारा झाले. फोन बंद.

सासूबाई म्हणाल्या, "सांगितलं का नाव?"

"सांगितलं. मुक्ता."

"लेकराच्या कानात?"

मी बाळाकडं बघितलं. ते पाळण्यात बोटं चोखत होतं. फोन माझ्या कानाला होता. नाव माझ्या कानात पडलं होतं, बुक्के माझ्या पाठीत पडले होते, आणि ओ पण मीच दिली होती. पंचवीस बायकांसमोर, घुगऱ्यांसकट, माझं बारसं झालं होतं.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग वाकून आपणच बाळाच्या कानात म्हणाल्या, "मुक्ता." बाळानं बोटं काढली आणि त्यांच्याकडं बघितलं. मी पण वाकले आणि पहिल्यांदा तिला हाक मारली. इतक्या वेळा मारली की शेवटी ती रडली.

खरं म्हणजे वन्संना तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. हे रोज म्हणतात, सांग. पण वन्संनी त्या दिवशी सगळ्या वॉर्डात मिठाई वाटली होती. एवढ्या आनंदलेल्या माणसाला कसं सांगायचं? आता दर रविवारी त्या फोन करतात. मी आधी आपल्या कानाला लावते. त्या म्हणतात, "मुक्ता, जेवलीस का?" मी म्हणते, हो आत्या. "काय जेवलीस?" भाकरी, ठेचा. त्या नर्स आहेत, त्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू येतो.

परवाच्या रविवारी, मुक्ता पाच महिन्यांची झाली त्या दिवशी, त्यांनी विचारलं, "मुक्ता, दात आले का गं?"

उगाच खोटं कशाला बोलायचं?

मी म्हटलं, "आले आत्या. तीस आहेत. दोन किडले होते, ते काढले."

वन्संना लगेच रजा मिळाली. गुरुवारी येताहेत. बरोबर तिथले मोठे डॉक्टरही आहेत.